पट्ट्यावर पाणी उतरतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय 31, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. राहणं भोसरीत, घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. गाव कऱ्हाडजवळ. लोहारकी पिढीजात, वडील (आबा) आजही विळे, खुरपी, कोयते करतात. वर्षभरात या वाचकाने ट्रकच्या कमानपाट्यापासून स्वयंपाकघरातल्या पाच सुऱ्या केल्या. घडाई आबांच्या भट्टीवर, बाकीचं काम हँड ग्राइंडर आणि कानशीने. दोन सुऱ्या शेफ असलेल्या मित्राला दिल्या. त्याच्या तक्रारी दोन. एकीचा पाठीपासून धारेपर्यंतचा उतार दोन्ही बाजूंना सारखा नाही, आणि दुसरीची धार टोकाकडे पंधरा दिवसांत मुडपली. आता पहिला बेल्ट ग्राइंडर, म्हणजे खरखरीत पट्टा फिरवून पातं घासणारं यंत्र, घ्यायचा आहे. साठवलेले 60 हजार आहेत. दर काढले ते असे : एक इंची पट्ट्याचं छोटं यंत्र 9 हजार, 2 बाय 72 इंची पट्ट्याचं एकाच वेगाचं यंत्र 52 हजार, तेच वेग बदलता येणारं 78 हजार. शेवटचं घ्यायचं तर वरचे पैसे हप्त्याने. पत्नी म्हणते, फ्लॅटमध्ये हे नको. आबा म्हणतात, ‘पट्ट्यावर पाणी उतरतं, हाताने कर.’ वाचकाचा प्रश्न : चांगल्या यंत्राशिवाय चांगली सुरी होत नाही हे आबांना कसं पटवू, आणि यातलं कोणतं घेऊ?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते आबांच्या त्या एका वाक्यासाठी. तुम्ही ते विरोध म्हणून लिहिलं आहे. मला त्यात यंत्र कसं निवडायचं याचं उत्तर दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोलाद तापवून तेलात विझवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग त्याला साधारण 200 अंशांचा दुसरा, हलका ताव देऊन ठिसूळपणा कमी करायचा. सुरीची सगळी कमाई या दोन तावांत आहे. आता तुम्ही पट्ट्यावर घासताना धारेची कड त्या दुसऱ्या तावाच्या वर गेली, तर तेवढ्या जागचा कडकपणा गेला. पृष्ठभागावरचा रंगच सांगतो : फिका पिवळा म्हणजे 210च्या आसपास, तपकिरी म्हणजे 250च्या पुढे, निळा म्हणजे 300च्या घरात. आबा याला ‘पाणी उतरलं’ म्हणतात. शब्द जुना आहे, पण दोषाचं निदान अचूक आहे.

आणि हे पाणी उतरण्याचं प्रकरण तुमच्या हातून घडून गेलं असावं असा मला दाट संशय आहे. टोकाकडे मुडपलेली ती धार आठवा. टोक हा पात्याचा सगळ्यात पातळ, सगळ्यात निमुळता भाग. उष्णतेला पळून जायला तिथे जागाच नसते. हँड ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. कडक केलेल्या पात्याला ती टोकाशी दोन सेकंद लागली तरी पुरे. तुम्ही रंग पाहिला असेल, पुसला असेल, पुढे गेला असाल. मीही तेच केलं होतं.

माझं पहिलं यंत्र एकाच वेगाचं होतं. 2880 फेऱ्यांची मोटर, तिच्यावर 150 मिलिमीटरचं चाक. म्हणजे पट्टा सेकंदाला साडेबावीस मीटरने धावायचा. ताईसाठी सुरी करत होतो. शेवटचा हात फिरवताना टोक एका क्षणात निळं झालं. मी निळा रंग घासून काढला, टोक पुन्हा चकचकीत केलं आणि सुरी देऊन टाकली. रंग गेला म्हणजे दोष गेला असं मला खरंच वाटलं होतं. महिन्याभरात फणस कापताना टोक वाकलं. ताईने काही म्हटलं नाही, सुरी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून परत दिली. ते फडकं मी अजून ठेवलं आहे. रंग फक्त वरच्या कातडीवर असतो, मऊपणा आतपर्यंत गेलेला असतो.

म्हणून तुमचा प्रश्न मला थोडा वळवावासा वाटतो. ‘चांगल्या यंत्राशिवाय चांगली सुरी होत नाही’ हे आबांना पटवू नका, कारण ते खरं नाही. अमेरिकेत 1976 साली स्थापन झालेली ब्लेडस्मिथांची एक संघटना आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून 90 अंश वाकवायचं. ते मोडता कामा नये. या सगळ्यात ताव कसा दिला आणि उतार कसा ठेवला एवढंच तपासलं जातं. घासलं कशावर हे पात्याला माहीत नसतं.

यंत्र काय देतं? वेळ देतं. कानशीने जे दोन दिवस चालतं ते अर्ध्या तासात होतं. पण चूकही त्याच वेगाने होते, हे विसरू नका.

आता तुमच्या मित्राची पहिली तक्रार घ्या, दोन बाजूंचा उतार सारखा नाही ही. तुम्ही तपासणी विभागात आहात, तुम्हाला आकडे आवडतील. पात्याची पाठ 3 मिलिमीटर, उंची 45 मिलिमीटर, धार लावण्याआधी कडेला अर्धा मिलिमीटर सोडलेला. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतार काढायचा तर एका बाजूचा कोन किती येतो? जेमतेम दीड अंश. मनगट एका अंशाने कललं तर निम्म्याहून जास्त कोन बिघडला! हे पट्ट्यावरही बिघडतं आणि कानशीवरही, फक्त कानशीवर ते दिसायला आणि सावरायला वेळ मिळतो. म्हणून यंत्र येण्याआधी तीन महिने कानशीचा साचा वापरा असं मी सुचवेन. फळीवर पातं पक्कं बसवायचं, कानशीला सरळ सळी जोडायची, ती सळी समोरच्या ठरावीक उंचीच्या कडीतून सरकवायची. कडीची उंची म्हणजे तुमचा कोन. एक रविवार घालवला तर साचा घरी होतो. त्यावर सारख्या उताराच्या दोन सुऱ्या निघाल्या की डोळ्याला कळतं, सारखा उतार म्हणजे काय दिसतं. ही ओळख पट्ट्यावर गेल्यावर फार कामी येते.

आणि मधली रेष आखता ना? पोलाद 3 मिलिमीटरचं असेल तर 3 मिलिमीटरचाच ड्रिल बिट घ्या. पातं आणि बिट दोन्ही काचेच्या सपाट तुकड्यावर आडवे ठेवा आणि बिटाच्या टोकाने धारेच्या कडेवर रेघ ओढा. टोक बरोबर मधोमध असतं. पातं उलटं करून पुन्हा ओढा. दोन रेघा एकावर एक आल्या तर मध्य सापडला, शेजारी-शेजारी आल्या तर त्यांच्या मधे सापडला. आधी त्या कडेला निळी शाई किंवा मार्कर फासून घ्या, म्हणजे ठिणग्यांच्या उजेडातही रेघ दिसते.

आता यंत्रांकडे येऊ.

9 हजारांच्या एक इंची यंत्राला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. लाकूड कोरायच्या छोट्या सुऱ्या, सोलायची सुरी, किंवा नुसती धार लावणं एवढंच ज्यांना करायचं आहे त्यांना ते पुरतं. घरात सुऱ्यांना धार लावून देणारे काही जण याच यंत्रावर चांगलं काम करतात. पण तुमची सुरी 45 मिलिमीटर उंच आहे आणि पट्टा 25 मिलिमीटर रुंद. उतारावर पट्ट्याच्या कडेच्या रेघा उठणार, आणि त्या घालवायला पुन्हा तासभर हातकाम. शिवाय गणित बघा. 1 बाय 30 इंची पट्ट्याचं क्षेत्रफळ 30 चौरस इंच, 2 बाय 72चं 144. जवळपास पाचपट. छोट्या पट्ट्यावरचा प्रत्येक कण लवकर फिरून पुन्हा पोलादावर येतो, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, तो लवकर बोथट होतो. बोथट पट्टा कापत नाही, नुसता घासतो, आणि घासला की तापवतो. म्हणजे आबांचं वाक्य पुन्हा समोर.

52 हजारांच्या यंत्राबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तीन पर्यायांत मला सर्वांत जास्त धास्ती याच्याबद्दल वाटते, कारण ते ‘खरं’ यंत्र दिसतं. चौकट तीच, चाकं तीच, पट्टा तोच. फक्त वेग एकच. कडक करण्याआधीच्या ढोबळ घासकामाला जो वेग चांगला, तोच कडक केलेल्या पात्याच्या टोकाला मारक. मुठीचं लाकूड त्या वेगावर करपून काळं पडतं. एकाच वेगाच्या यंत्रावर उत्तम काम करणारे कारागीर आहेत, पण त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे. पहिलंच यंत्र घेणाऱ्याला वेग कमी करता येणं ही चैन नाही.

इथे एक बारीक गोष्ट, जी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. 2 बाय 72 हे माप आलं अमेरिकेतून. तिथली वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथल्या मोटरी 3450 किंवा 1725 फेऱ्यांच्या. आपली वीज 50 हर्ट्झची, आपल्या मोटरी 2880 किंवा 1440 फेऱ्यांच्या. तिथला आराखडा जशाच्या तसा उतरवला तर पट्टा सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू धावतो. वेग काढायला सोपा आहे : चाकाचा व्यास गुणिले 3.14 गुणिले फेरे. 100 मिलिमीटरचं चाक आणि 2880 फेरे म्हणजे सेकंदाला 15 मीटर. तेच चाक 1440 फेऱ्यांवर साडेसात. ढोबळ कामाला 15 ते 20 मीटर चांगला, कडक पात्याला आणि मुठीला 5च्या आसपास किंवा त्याहून कमी. विकणारा ‘फुल स्पीड’ म्हणाला तर चाकाचा व्यास विचारा आणि हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

म्हणजे उरलं 78 हजारांचं. माझा कौल त्यालाच आहे, पण आज नाही आणि हप्त्याने तर नाहीच. पाच सुऱ्या केलेल्या माणसाला हप्ता सुरू झाला की सहावी सुरी हप्त्यासाठी करावी लागते. घाईत केलेल्या सुरीत काय होतं ते माझ्याकडच्या त्या फडक्याला माहीत आहे. तीन-चार महिने कानशीच्या साच्यावर काढा, तेवढ्यात आणखी पैसे साठतील. दुसरा मार्गही आहे. आपल्याकडे काही जण नुसती चौकट, चाकं आणि हात विकतात, मोटरशिवाय. भोसरी-चाकण पट्ट्यात जुनी पण धड मोटर शोधणं तुमच्यासारख्याला अवघड नाही. चौकट आधी, मोटर आणि तिचा वेग बदलणारं विजेचं उपकरण, म्हणजे व्हीएफडी, मागून, असं टप्प्याटप्प्याने करता येतं. संपूर्ण यंत्र स्वतः वेल्डिंग करून बनवण्याच्या फंदात मात्र पहिल्या खेपेला पडू नका. चाकं लेथवर अचूक झाली नाहीत तर पट्टा नाचतो, आणि नाचणाऱ्या पट्ट्यावर दीड अंश कसा राखायचा?

मोटर घेताना तिची पाटी वाचा. घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारा व्हीएफडी 230 व्होल्ट घेतो आणि 230 व्होल्टचंच थ्री फेज देतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या थ्री फेज मोटरी मात्र आतूनच ‘स्टार’ नावाच्या जोडणीने जोडलेल्या, 415 व्होल्टच्या असतात. ती मोटर अशा व्हीएफडीवर फिरेल खरी, पण जोर लावला की दम तोडेल. वायरची सहा टोकं बाहेर काढलेली आणि पाटीवर 230 डेल्टा (ही दुसरी जोडणी), 415 स्टार असं लिहिलेली मोटर हवी. दीड ते दोन अश्वशक्ती तुम्हाला पुरे. मोटर पूर्ण बंदिस्त हवी आणि व्हीएफडीलाही धूळबंद डबी हवी, नाहीतर लोखंडाची धूळ आत जाऊन एक दिवस शॉर्ट होईल. साध्या सिंगल फेज मोटरचा वेग पंख्याच्या रेग्युलेटरने कमी करू म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पण माझ्या मते या सगळ्याच्या आधीची चौकशी वेगळी आहे, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. पट्टे कुठून मिळणार? यंत्र एकदाच घेता, पट्टे दर महिन्याला लागतात. ढोबळ कामाला 36 किंवा 60 नंबरचा (नंबर लहान तितका कण जाड) सिरॅमिक पट्टा लागतो. त्याचे कण दाबाखाली तुटून नवी धार देत राहतात. त्याची किंमत तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पट्ट्यापेक्षा बरीच जास्त, पण कमानपाट्यावर तपकिरी पट्टा लवकरच गुळगुळीत होतो. माझ्या हातून एका 36 नंबरच्या सिरॅमिक पट्ट्यात पाच-सहा सुऱ्या ढोबळ निघतात. मग 120, मग 220, पुढचं मी हाताने पॉलिश पेपरवर करतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत विचारा. पट्ट्यांचे रोल आणून हव्या त्या लांबीचा पट्टा जोडून देणारेही असतात. त्यांना तीन प्रश्न विचारायचे : 50 बाय 1830 मिलिमीटरमध्ये सिरॅमिक 36 आणि 60 देता का, कमीत कमी किती घ्यावे लागतील, आणि जोड कसा असतो. जोड उंच असेल तर दर फेऱ्याला टक-टक असा ठोका बसतो आणि उतारावर लाटा उठतात. घेतलेले पट्टे पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका. कऱ्हाडकडची दमट हवा कापडी पाठ वाकडी करते. जाड नळीवर टांगून ठेवा.

पट्टा वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या घरात आहे. कमानपाटा जाड असतो. आबा ऐरणीवर तो जितका पातळ आणि उताराला आणून देतील, तितकं पट्ट्याचं काम कमी. घडाईनंतरची काळी पपडी नव्या पट्ट्याला खाऊन टाकते, म्हणून पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासा. नव्या पट्ट्याची धार मग पोलादावरच खर्च होईल. एक काळजी घ्या : जुन्या कमानपाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, ट्रकखाली वर्षानुवर्षं दमलेलं पोलाद ते. मित्राला देण्याच्या सुरीसाठी नवा पाटा किंवा पट्टीचं नवं पोलाद घेतलंत तर बरं.

जमल्यास पैसे देण्याआधी त्या यंत्रावर अर्धा तास काम करून बघा. सोबत 40 बाय 3 मिलिमीटरची साधी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पट्टी न्या. पट्टा पूर्ण वेगात चालू करून टेबलावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करून बघा. पडत असेल तर थरथर आहे. पट्ट्यामागच्या सपाट लोखंडी पाटीवर स्टीलची मोजपट्टी टेकवून मागून उजेड दिसतो का पाहा. एमएस पट्टी दाबल्यावर पट्टा बाजूला सरकतो का? हात टेकवायचा टेबल पट्ट्याला काटकोनात आहे का, गुण्या लावून बघा. मग वेग अगदी कमी करून पट्टीचं टोक घासा. कमी वेगावर मोटर घुसमटत असेल तर तो व्हीएफडी कमी पडतोय. विकणारा हे करू देत नसेल तर दुसरा शोधा.

जागेचं म्हणाल तर तुमच्या पत्नीचं बरोबर आहे आणि त्यात मधला मार्ग नाही. लोखंडाची ही धूळ काळी, पिठासारखी बारीक असते. ती कपड्यांवर येते, फरशीवर येते, पाणी लागलं की गंजाचे ठिपके पडतात, आणि तीन वर्षांचं मूल फरशीवरच खेळतं. बाल्कनीतही नको, आवाज आणि ठिणग्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातील. यंत्राची जागा गावची आबांची शेड. पंधरा दिवसांतून एक शनिवार-रविवार मिळत असेल तर तेवढा पुरे. घडाई, ताव आणि घासकाम तिथे, मूठ बसवणं आणि हाताचं पॉलिश इथे. शेडला 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते आधी दोन-तीन दिवस मोजा, कारण व्होल्टेज फार पडलं की व्हीएफडी बंद पडतो. शेतीच्या थ्री फेज लाइनच्या भरवशावर राहू नका, ती ठरावीक तासच असते.

चेहऱ्यावर साधा रुमाल चालणार नाही. किमान एन95, शक्य तर बदलत्या फिल्टरचा अर्धा मुखवटा. मुठीसाठी शिसव घासणार असाल तर मुखवट्याबाबत जास्तच कडक राहा, तिची धूळ अनेकांना बाधते, अंगावर पुरळ उठतं. ठिणग्या पडतात तिथे पाण्याची बादली ठेवा, आणि लाकडाचा भुसा मात्र त्या कोपऱ्यात कधीच नको. लोखंडाची धूळ आणि भुसा यांचा एकच ढीग म्हणजे तासाभराने धुमसणारी आग. हातमोजे घालू नका. पट्ट्यात मोजा अडकला तर बोट त्याच्यामागून जातं. उघड्या हाताचा दुसरा फायदा आबा सांगतीलच, पोलाद तापलेलं बोटाला लगेच कळतं. टोक कधीही पट्ट्याच्या येणाऱ्या दिशेला द्यायचं नाही.

कडक पातं घासताना मी असं करतो. दर फेरीला पातं पाण्यात बुडवायचं आणि न पुसता पट्ट्यावर आणायचं. पात्यावर पाण्याचे थेंब राहतात. पट्टा लागला की ते धारेकडे सरकतात. जिथे थेंब सुर्रकन उडून जातो तिथे 100 अंश झाले. 200ला अजून अवकाश आहे असं वाटतं, पण धारेच्या कडेला तो अवकाश एका श्वासाचा असतो. थेंब उडाला की पातं पुन्हा पाण्यात. टोकाकडे जाताना दाब अर्ध्यावर आणा आणि हाताचा वेग वाढवा. पट्टा नवा, वेग कमी, पाणी जवळ. एवढं पाळलं तर पट्ट्यावर पाणी उतरत नाही, हे आबांना तोंडाने सांगू नका, दाखवा. तेलात विझवलेल्या पात्यावर त्यांना कानस फिरवू द्या, घसरली पाहिजे. दुसरा ताव दिल्यावर, धार लावून, ती पितळी सळीवर हलकी दाबून बघा. लवून सरळ झाली तर ताव बसला, मुडपून राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ. हीच परीक्षा घासकामानंतर पुन्हा, टोकापाशी.

ताव देण्याचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. ते आबांच्या अंदाजावर सोडलं असेल तर त्यांच्याकडून आधी ते शिकून घ्या. साधारण 770 अंशांना पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. कमानपाट्याला त्याच्याही वर, आणखी काही छटा उजळ लाल लागते, मग कोमट तेल. ती छटा आबा अंधाऱ्या शेडमध्ये नुसत्या डोळ्याने ओळखतात. तुम्हाला ती ओळखायला यायला हवी. दुसरा ताव घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा दिला तरी चालतो. 78 हजारांच्या कुठल्याही यंत्रात हा भाग मिळत नाही.

विक्रीचा विचार असेल म्हणून एक सांगून ठेवतो. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या वापरासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकाची सुरी, विळी, खुरपं करत राहा. कोणी खंजीर किंवा तलवार मागितली तर नाही म्हणा, आणि शंका असेल तर काम हातात घेण्याआधी वकिलाला विचारा.

तर या आठवड्यात तीनच कामं. कानशीच्या साच्यासाठी फळी आणि सळी आणा, पट्टेवाल्यांना ते तीन प्रश्न विचारा, आणि पुढच्या शनिवारी शेडमध्ये व्होल्टेज मोजा. साठलेले 60 हजार तसेच राहू द्या. त्यात भर पडली की त्यातला पाचवा हिस्सा पट्टे, मुखवटा आणि वायरिंगला आधीच बाजूला काढा.

यंत्र येईल तेव्हा पहिल्या दिवशी सुरी घेऊ नका. एमएसच्या दहा पट्ट्या कापून ठेवा आणि त्यांच्यावर दीड अंशाचा उतार काढत बसा, दोन्ही बाजूंनी. पाण्याची बादली उजव्या हाताला ठेवा आणि तिच्याशेजारी आबांसाठी खुर्ची टाका. टोक पिवळं पडायच्या आधी त्यांचा आवाज येईल.